सिस्टरच्या शिक्षणाचा खर्च

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मराठीत काही इंग्रजी शब्द असे मुरले आहेत, की ते परके वाटतच नाहीत. ‘सिस्टर’ हा त्यांतला एक. खेड्यातली म्हातारीसुद्धा दवाखान्यात असली की ‘सिस्टर, सलाईन संपलं बघा’ म्हणून हाक मारते. डॉक्टरला आपण ‘साहेब’ म्हणतो आणि नर्सला ‘बहीण’. एका अर्थानं हा तिचा मान आहे. पण बहीण म्हटलं की आणखी एक गोष्ट होते. बहिणीच्या कामाचा हिशेब आपण मांडत नाही. ती हे काम कुठं शिकली आणि त्या शिक्षणाला पैसे कुणी घातले, हेही विचारत नाही. आज मला याच पैशांविषयी बोलायचं आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए. वैद्यकशास्त्र आणि अर्थशास्त्र, या दोन्ही विषयांत मला गती नाही. पण सोलापुरात मी ज्या भागात राहतो तिथं बाया विड्या वळतात, पुरुष यंत्रमागावर जातात किंवा रिक्षा चालवतात. गेली काही वर्षं आम्ही आठ-दहा जण मिळून आमच्या भागातल्या मुलींना नर्सिंगच्या शिक्षणासाठी थोडीफार मदत करतो. कुणी शिक्षक आहे, कुणाचं किराणा दुकान आहे, एक जण पोस्टातून निवृत्त झालेला आहे. आमच्याकडे ना कार्यालय आहे, ना पाटी. एक वही आहे आणि बँकेत एक खातं आहे. त्या वहीनं मला जे शिकवलं तेच तुम्हाला सांगतो.

हे काम सुरू झालं ते एका मुलीच्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणातून. तिचं नाव सांगत नाही. आई विड्या वळायची, वडील मागावर होते. बारावी झाली, जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंगच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाची फी नातेवाइकांनी गोळा केली. दुसऱ्या वर्षी वडिलांचं आजारपण निघालं. फीचं शिष्यवृत्तीतून भागण्यासारखं होतं. अडलं ते जेवणावर. वसतिगृहाच्या मेसचे तीन महिन्यांचे पैसे थकले. एक दिवस ती माझ्या घरी आली आणि म्हणाली, “फीस का हो जाएगा चाचा, खाने का क्या करना?” मी आणि माझा एक मित्र तजवीज करत होतो, तेवढ्यात घरच्यांनी तिला परत आणलं. आईच्या शेजारी बसून ती पुन्हा विड्या वळू लागली. पुढं एका छोट्या खासगी दवाखान्यात कामाला लागली. आज तिथं सगळे तिला सिस्टरच म्हणतात. ती इंजेक्शन देते, सलाईन लावते, रात्रपाळी करते. पण तिच्याकडे नोंदणी नाही, प्रमाणपत्र नाही, म्हणून पगार आयाचा. तिचं नुकसान तर झालंच, पण ज्या रोग्याला अर्धवट शिकलेल्या हातानं सुई टोचली जाते त्याचंही झालं. दीड वर्ष खर्च केलेला सगळा पैसाही पाण्यात गेला. आणि हे सगळं झालं ते फीसाठी नव्हे, ताटातल्या भाकरीसाठी.

तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी धरून आहे. गरिबाच्या मुलीचं शिक्षण म्हणजे नुसती फी नव्हे. फी हा त्या खर्चाचा दिसणारा भाग. वसतिगृह, मेस, दोन-तीन गणवेश, पांढरे बूट, नाडी मोजायला सेकंदकाटा असलेलं घड्याळ, इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं, परीक्षा फी, ग्रामीण भागातल्या प्रशिक्षणासाठी जाण्यायेण्याचं भाडं आणि शेवटी नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीचे पैसे. हे सगळं एका कागदावर कुणी लिहून देत नाही. ते हप्त्याहप्त्यानं, अवेळी समोर येतं. आणि एक खर्च तर कुठल्याच कागदावर नसतो. तो म्हणजे बुडालेली मजुरी. विडीच्या घरात अठरा वर्षांची मुलगी म्हणजे कमावते दोन हात. हजार विड्यांमागं मजुरी मिळते. आईबरोबर मुलगी बसली तर दिवसाचा आकडा वाढतो. ती शिकायला गेली की घराची मिळकत त्याच दिवशी कमी होते. तीन-चार वर्षं ती कमीच राहते. श्रीमंताच्या घरात मुलगी शिकते तेव्हा फक्त खर्च होतो. गरिबाच्या घरात खर्च होतो आणि उत्पन्नही बुडतं. तिच्या लग्नाची घाई होते त्यामागं केवळ रूढी नसते, हा हिशेबही असतो.

हे मी नवं सांगत नाही. ज्यांनी नर्सिंगचं शिक्षण उभं केलं त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. क्रिमियाच्या युद्धातल्या कामाबद्दल फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा गौरव करायचा म्हणून इंग्लंडमध्ये १८५५ साली लोकवर्गणी सुरू झाली. सैनिकांनी एकेक दिवसाचा पगार दिला. सुमारे ४५,००० पौंड जमले. त्या पैशांतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा निघाली. तिथं शिकणाऱ्या मुलींकडून फी घेणं दूरच, उलट त्यांना राहणं, जेवण, गणवेश फुकट आणि वर वर्षाला १० पौंड हातखर्चाला मिळत. म्हणजे आधुनिक नर्सिंगची पहिली नामांकित शाळा वर्गणीवर चालली आणि तिनं शिकणारीला पोसलं.

आपल्याकडचं उदाहरण याहून जवळचं आहे. रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीनं १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं. विधवा आणि निराधार बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायचं त्यांनी ठरवलं. त्या काळी हे काम हलकं समजलं जाई. परक्याचं मलमूत्र काढायचं, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, अशा कामाला कुलीन घरातली बाई कशी जाणार? रमाबाईंनी उपदेश केला, पण उपदेशावर थांबल्या नाहीत. या बायकांच्या राहण्याची सोय केली. त्यांच्यामागं एक संस्था उभी केली. समाजाची मान्यता नंतर आली, निवारा आधी.

त्याआधी, १८९७ च्या प्लेगमध्ये, सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता गेल्या. आमच्या घरांतून मुलीच्या नर्सिंगला विरोध झाला, की मी आणखी एक नाव घेतो. रुफैदा अल-अस्लमिया. पैगंबरसाहेबांच्या काळात मदिनेत तंबू लावून तिनं लढाईतल्या जखमींची शुश्रूषा केली, असं परंपरा सांगते. आमच्या मोहल्ल्यात एका मुलीचे आजोबा रात्रपाळीच्या मुद्द्यावर हटून बसले होते. त्यांच्यापुढं मी हे नाव घेतलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, “और होस्टल का दरवाजा रात को बंद रहता ना?” मी म्हटलं, “रहता.” विरोध तिथं संपला. त्यांना धर्माची शंका नव्हती, नातीच्या सुरक्षिततेची काळजी होती. दोन्ही गोष्टी एकाच भाषेत बोलल्या जातात, म्हणून आपण फसतो.

आता तुम्ही म्हणाल, सरकारच्या एवढ्या योजना आहेत, मग वर्गणीची गरज काय? योजना आहेत, आणि त्या मोलाच्या आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे. अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती आहे. मौलाना आझाद महामंडळ अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना शैक्षणिक कर्ज देतं. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं आणखी मोठा निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्वी ५० टक्के सवलत होती, ती १०० टक्के झाली. अनेक घरांत त्यामुळं दिवा लागला, हे मी पाहिलं आहे.

पण योजना आणि मुलगी यांच्यामध्ये एक ओढा आहे. तो ओलांडताना पाय घसरतो. शंभर टक्क्यांची सवलत सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींना आहे. जिला फॉर्म भरायची तारीख कळली नाही आणि जी संस्थेच्या कोट्यातून गेली, तिला नाही. शिष्यवृत्तीचे पैसे येतात, पण कॉलेजची तारीख आधी येते. आणि सगळ्यांत दमवतो तो कागद.

जातीच्या दाखल्याचंच घ्या. मुसलमानांतल्या कितीतरी बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत. पण दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर पुरावा कुठला? आणि गेले असतील तर गुरुजींनी जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहून ठेवलेलं असतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पिंजाऱ्याचं, पण कागदावर पिंजारी हा शब्द नाही. मग पणजोबांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जुनी खरेदीखतं, मोडी कागद यांचा शोध सुरू होतो. दाखला मिळाला की पडताळणी. हे सगळं बारावीच्या निकालानंतर सुरू केलं तर प्रवेशाची मुदत निघून जाते. म्हणून आम्ही आता मुलगी दहावीत असतानाच तिच्या घरी जाऊन कागदांची पिशवी उघडायला लावतो. पोस्टातला आमचा मित्र यात तरबेज आहे. मी गमतीनं म्हणतो, माझ्या सगळ्या कवितांपेक्षा त्यानं मिळवून दिलेल्या एका दाखल्यानं जास्त काम केलं.

दुसरा मार्ग कर्जाचा. शैक्षणिक कर्जाला ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, असं बँकांचं धोरण आहे. बँकेत गेल्यावर काय उत्तर मिळतं ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. समजा कर्ज मिळालं. ४ लाख रुपये, साडेदहा टक्के व्याज, सात वर्षांची फेड. महिन्याचा हप्ता पावणेसात हजारांच्या आसपास जातो. आता पगार पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं शिफारस केली, की ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २० हजार रुपये मिळावेत. आमच्या वहीतल्या मुलींना पहिल्या नोकरीत याहून बरंच कमी मिळालं. एकीच्या रुग्णालयानं तर मूळ प्रमाणपत्रं आपल्या कपाटात ठेवून घेतली होती. ती सोडवायला आम्हाला दोनदा जावं लागलं. म्हणजे शिक्षण कर्जावर आणि पगार असा. ज्या घरात सावकाराच्या हप्त्याची धास्ती रोज जेवायला बसते, तिथली मुलगी या गणिताला भिते यात नवल नाही. १ लाख कर्जाचा बोजा मध्यमवर्गाला आणि विडी कामगाराच्या घराला सारखा नसतो.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तारण आणि जामीनदार नसलेलं कर्ज देणारी ही योजना चांगली आहे. पण ती देशातल्या निवडक नामांकित संस्थांपुरती आहे. तालुक्याच्या गावातलं नर्सिंग स्कूल त्या यादीत सापडणं कठीण. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, देशात १५७ नवी सरकारी नर्सिंग कॉलेजं वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून काढायला मंत्रिमंडळानं १,५७० कोटींची मंजुरी दिली होती. माझ्या मते हीच खरी वाट. सरकारी जागा वाढली की गरिबाच्या मुलीला वर्गणीवर विसंबावं लागत नाही. पण त्या जागेपर्यंत तिचा हात पोचेस्तोवर कुणीतरी हात धरायला हवा.

आमच्या वहीतला सगळ्यांत अवघड दिवस सांगतो. एके वर्षी पैसे एकीपुरतेच उरले होते आणि अर्ज दोघींचे आले. एक आमच्या गल्लीतली मुसलमान मुलगी, दुसरी पलीकडच्या वस्तीतली मातंग घरातली. दोघींच्या आया एकाच कारखान्यात विड्या पोचवणाऱ्या. आमच्या निधीत बराचसा पैसा जकातीचा. जकात म्हणजे शिलकीवर शेकडा अडीच. कुराणानं तिचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यात गरीब आणि गरजू पहिले. पण आमच्याकडच्या बहुतेक मौलवींच्या मते जकात मुसलमान गरिबालाच लागू पडते. बैठकीत आवाज चढले. एक जण म्हणाला, ज्यानं दिलं त्यानं ज्या निय्यतीनं दिलं ती मोडायचा आपल्याला हक्क नाही. दुसरा म्हणाला, मग ती पोर घरी बसू द्यायची? खरं सांगतो, दोघांचंही बरोबर होतं.

शेवटी किराणा दुकानवाल्यानं तोडगा काढला. तो म्हणाला, “पैसा दोन थैल्यांत ठेवू. जकातीची थैली वेगळी, इमदादीची वेगळी. सदका, देणगी कुणालाही देता येते. इमदादीच्या थैलीत आज किती आहे ते मोजा.” मोजलं, कमी निघालं. मग त्यानं स्वतःच्या गल्ल्यातून भर घातली. आमच्यातले शिक्षक दलित वस्तीतल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे गेले. तिथूनही पैसा आला. दोघी मुली गेल्या. दोन थैल्या तेव्हापासून कायम आहेत. ज्याची जशी निय्यत तशा थैलीत तो टाकतो. आणि एक सांगायला हरकत नाही, आता इमदादीची थैली जड असते.

त्या मातंग घरातल्या मुलीची रुग्णालयातली नोकरी आज सुरळीत चालली आहे. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि आमची दखनी अशा चार भाषा एकाच वॉर्डात ऐकू येतात. विडीच्या कारखान्यावर वाढलेल्या पोरीला त्या आपसूक येतात. क्षयाच्या रोग्यानं दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या की काय होतं, हे ती तेलुगू बाईला तेलुगूतून आणि आमच्या खालाला दखनीतून सांगते. अशी नर्स शहराच्या चांगल्या कॉलनीतून येईलच असं नाही. गरिबाच्या मुलीला शिकवणं हा उपकार आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं. उद्या वॉर्डात पडलेले आपण असू आणि आपली नाडी तिच्या हातात असेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणं जगात २०२३ साली २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि तरीही ५८ लाखांची तूट होती. म्हणून शिकलेल्या मुलीला परदेशातूनही बोलावणं येतं. आमचे काही देणगीदार विचारतात, “आम्ही पैसा घालायचा आणि ती आखातात जाणार?” मी म्हणतो, जाऊ द्या. इंजिनिअर मुलाला हा प्रश्न आपण विचारत नाही. मदतीबरोबर अट आली की मदत बंधपत्र होते, आणि बंधपत्रं त्या घरानं पुष्कळ पाहिली आहेत.

तुमच्यापैकी कुणाला असं काम करावंसं वाटलं तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. संस्थेला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल यांची मान्यता आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहा. जाहिराती करणारी नाव नसलेली दुकानं पुष्कळ आहेत. तिथं वर्षं आणि पैसे दोन्ही जातात. दहा मुलींना पहिल्या वर्षाची फी देण्यापेक्षा तिघींना शेवटच्या परीक्षेपर्यंत पोचवा. अर्धी शिडी चढून उपयोग नाही. एकरकमी मोठ्या चेकपेक्षा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मेसचे पैसे भरा. शिष्यवृत्ती येईपर्यंत बिनव्याजी उसने द्या. ती आली की मुली परत आणून देतात. आणि चेक देतानाचा फोटो काढू नका. त्या फोटोतल्या मुलीला उद्या त्याच गावात मान वर करून ड्यूटीवर जायचं असतं.

माझ्या हिशेबी नर्सिंगचा खर्च हा त्या मुलीच्या घरचा खर्च नाहीच. तो आपल्या सगळ्यांच्या आजारपणाचा आगाऊ भरलेला खर्च आहे. सरकारनं त्यातला मोठा वाटा उचलावा, हे आपण मागत राहिलं पाहिजे. तोवर उरलेला वाटा गल्लीनं उचलायला हवा. बारावीचा निकाल लागेल त्या संध्याकाळी आपल्या गल्लीत कोण पास झालं याची चौकशी करा. पेढा खा आणि पुढं काय करायचं आहे ते विचारा. ‘नर्सिंग करायचंय, पण...’ असं कुणी म्हणालं, तर त्या ‘पण’पाशी जरा थांबा. बहुतेक वेळा तो काही हजारांचा असतो.